रस्त्याकडेचं गवत

मे महिना लागला, हिवाळा तोंडावर आला, तरी मेलबर्नजवळच्या वॉरंबीच्या माळावर हिरवं काही दिसत नव्हतं. एरवी एप्रिलात दोनचार सरी येऊन जातात, जमीन ओलावते आणि थंडी पडायच्या आत बोटभर गवत वर येतं. त्या बोटभर गवतावर गुरं हिवाळा काढतात. या साली नुसता वारा. उत्तरेकडून यायचा, माळाची माती उचलायचा आणि टार्निटकडच्या नव्या घरांच्या काचांवर नेऊन टाकायचा. तिथली माणसं काचा पुसत होती, माळावरची माणसं आभाळ बघत होती, आणि दोघांची आमदार एकच होती. मंजिरी.

मंजिरी शिकायला म्हणून मेलबर्नला आली होती. वृद्धाश्रमाच्या किचनमध्ये भांडी घासली, मग काउन्सिलात, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, नोकरी लागली, मग कधीतरी पक्षाच्या लोकांनी विचारलं, उभी राहशील का. ती उभी राहिली आणि निवडून आली. आली तेव्हा घरातल्या सगळ्यांत जास्त आश्चर्य तिलाच वाटलं होतं.

सोमवारी सकाळी ती ऑफिसला पोचली तेव्हा यतीन दाराशी उभा होता. चिकन शॉप आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान, यांच्या मधल्या गाळ्यात तिचं ऑफिस. प्रणव आत फोनवर बोलत होता. ऑफिस तोच सांभाळायचा. यतीन पुण्याचा, आयटीतला. गणपतीत नेहमी भेटायचा, हसरा होता. अपघातानंतरच्या दीड महिन्यात त्याचे गाल बसले होते.

"मंजिरीताई, गुरुवारी नक्की ना?"

"बिल गुरुवारी आहे. आत ये. मयूरा कशी आहे?"

"वॉकर घेऊन बाथरूमपर्यंत जाते. पायातल्या सळ्या वर्षभर ठेवायच्यात." तो खुर्चीच्या कडेवर बसला. "कामावर कधी जाईल, डॉक्टर सांगत नाहीत."

झालं होतं असं. यतीनची बायको मयूरा नर्स. तिला शिफ्टवरून आणायला यतीन गेला होता. येताना दिवेलागणीच्या वेळी वॉरंबी रोडच्या वळणावर गाय उभी होती, गाडी तिच्यावर आदळली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रुंद सरकारी पट्टा आहे, गवताचा. दुष्काळात शेतकरी काउन्सिलची परवानगी काढून तिथं गुरं चारतात, शंभर वर्षं चारत आलेत. आता त्या पट्ट्याच्या एका अंगाला घरांची रांग आली होती आणि रस्त्यावर गाड्यांची. टीव्हीवर दोन दिवस ती फुटकी गाडी दाखवली. महिन्याभरात बिल आलं: नव्या वस्त्यांच्या आसपास रस्त्याकडेला गुरं चारायला बंदी.

"ती आडवी आली नाही, ताई," यतीन म्हणाला. "सगळे म्हणतात गाय आडवी आली. ती उभीच होती. बघत होती माझ्याकडं."

मंजिरीने पाण्याचा ग्लास पुढं केला. त्याने घेतला, प्यायला नाही.

"पोलिसाने तिला गोळी घातली. लगेच नव्हती मेली ना. गाभण होती. नंतर पण तिच्या पोटात हलत होतं काहीतरी. मयूराला मी हे सांगितलेलं नाही." त्याने ग्लास ठेवला. "आईला फोनवर सांगून बसलो. ती रोज विचारते, प्रायश्चित्ताचं काय केलंस. इथं काय करू मी? कुठं जाऊ?"

"तुझी काही चूक नाही रे त्यात."

"चूक कुणाची ते मला नकोच आहे. बंदी पाहिजे. गाईंच्या दृष्टीनं पण बंदीच बरी. हो ना?"

त्याने ते खरंच विचारलं होतं. मंजिरी म्हणाली, "बघते मी." म्हणाल्यावर तिचं तिलाच ते ऐकून कसंतरी झालं.

दुपारी ती वॉरंबीला गेली. नेव्हिलने प्रणवला तीनदा फोन केला होता. गाय त्याची होती.

नेव्हिल सत्तरी ओलांडलेला, हात लांब, पाठीत वाकलेला. त्याची बायको डॉट गोठ्याच्या आवारातच उभी होती, अंगात जुना स्वेटर, पायांत गमबूट. दोघं एका गाईपाशी होते. तांबडी, पांढऱ्या तोंडाची गाय, जमिनीवर पसरलेली. बरगड्या मोजता आल्या असत्या. तिने मान वळवून कुशीला लावली होती.

"मँडी, वेळेवर आलीस," नेव्हिल म्हणाला. मंजिरी हे नाव त्याला कधी जमलं नाही आणि तिने दोनदा सांगून सोडून दिलं होतं. "बोलू नंतर. आधी हिला उभी करू."

उठवणीला आलेली गाय मंजिरीने खूप वर्षांनी बघितली. तिचे वडील फलटणला गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. दुष्काळात लोक त्यांना बोलवायला यायचे, आणि ती सायकलच्या दांडीवर बसून बरोबर जायची. चार माणसं पोटाखाली वासा घालायची आणि 'हंऽऽ' करून उचलायची. इथं ट्रॅक्टर होता. नेव्हिलने पुढच्या लोखंडी दातांना रुंद पट्टा बांधला होता. तो गाईच्या पोटाखालून काढायचा होता आणि तिघांचीही दमछाक झाली.

"मागच्या पायाला चोळ," डॉट म्हणाली. "बधिर झालाय."

मंजिरीने कोट काढून कुंपणावर टाकला आणि गुडघ्यांवर बसली. मांडीचं कातडं हाडावरून सरकत होतं, खाली मांस असं नव्हतंच. ती चोळत राहिली. शेणाचा आणि आजारी जनावराचा तो गोडसर वास नाकात बसला. नेव्हिलने ट्रॅक्टरवर चढून दांडा हळूहळू ओढला. पट्टा ताणला, गाय वर आली, चारही पाय लोंबत राहिले.

"खांद्याला टेकण दे, मँडी! ढकलू नको, नुसतं टेकण दे!"

तिने खांद्याला खांदा लावला. गाईचं सगळं अंग थरथरत होतं, त्या थरथरीने मंजिरीचे दातही वाजले. मागचा एक पाय जमिनीवर टेकला, घसरला, पुन्हा टेकला. मग गाय उभी राहिली आणि उभ्याउभ्या मुतली, मंजिरीच्या पँटवर, बुटांत.

"मुतली म्हणजे जगेल," नेव्हिल म्हणाला.

चहा त्यांनी आवारातच घेतला. नेव्हिल मगमध्ये बघत बोलत होता. "सुका चारा दक्षिणेत कुठंच शिल्लक नाही. पश्चिमेकडून ट्रक येतात ते मोठ्या डेअऱ्यांकडं जातात. माझ्याकडं त्या रस्त्याकडेच्या पट्ट्याशिवाय काही नाही. चार वाजले की मी गुरं आत घेतो. त्या दिवशी पण घेतली. ती एक मागं राहिली. कुंपणाची विजेची पट्टी कुणीतरी गाडीखाली घालून तोडली होती."

"कुणी?"

"मला काय माहीत? असतील कुणी पोरं. तुझ्या त्या घरांतली, नाहीतर आमच्याच गावातली." तो थांबला. "ती बाई कशी आहे?"

"चालते. वॉकर घेऊन."

डॉट म्हणाली, "मी कार्ड लिहून ठेवलंय. पाठवायचं की नाही कळत नाही. त्यांना राग आला तर?"

मंजिरीने हातातला मग फिरवला. यतीनला राग येईल, की तो रडेल, तिला अंदाज करता येईना.

"गुरुवारी काय करणार आहेस?" नेव्हिलने विचारलं.

"सगळ्यांचं ऐकून घेतेय."

"ते बरोबर आहे. ऐकून झाल्यावर?"

गाय पट्ट्यात अजून तशीच उभी होती, डोळे अर्धे मिटून. मंजिरी तिच्याकडं बघत चहा प्यायली.

घरी नवऱ्याने, दत्तप्रसादने, पँट बादलीत बुडवली आणि नाक मुरडलं. तो बस डेपोत मेकॅनिक, ऑइलचे डाग त्याला नवे नव्हते, पण हा वास निराळा होता. "आमदारीण बाई कुठं लोळून आल्या?"

तिने जेवता जेवता सगळं सांगितलं. मुलगी, स्पृहा, समोर बसली होती. यंदा बारावीला, भात चिवडत फोन बघत होती.

"आई, जस्ट व्होट नो. हाऊ हार्ड इज इट?"

"नो म्हटलं की पक्षाबाहेर," दत्तप्रसाद म्हणाला. "आणि मयूराला जाऊन काय सांगायचं? तुझा पाय गेला, पण म्हातारा गरीब आहे?"

"ओके, देन व्होट येस."

"आणि ती गुरं?"

"बाबा, यू आर नॉट हेल्पिंग."

"मी पण गोंधळलोय, बाळा," दत्तप्रसाद म्हणाला आणि तिसरी पोळी घेतली. मंजिरीला वाटलं होतं, तो एकीकडं तरी झुकेल. मग तिला त्याच्याशी भांडता आलं असतं.

मंगळवारी ट्रेनने ती शहरात गेली. पार्लमेंटच्या पायऱ्या चढताना तिला अजूनही कुणीतरी अडवेल असं वाटायचं. पक्षाच्या मीटिंगमध्ये बिलाला जेमतेम दोन मिनिटं मिळाली. सगळ्यांनी माना हलवल्या. पक्षाची व्हिप ग्लेनिस, म्हणजे कुणी कधी कुठं मत द्यायचं हे बघणारी बाई, तिच्याजवळ येऊन म्हणाली, "गुरुवारी तू बोल. अपघात तुझ्याच भागातला, लोकांना चेहरा ओळखीचा वाटेल."

"मला एक सुधारणा सुचवायची आहे. दिवसा, बरोबर माणूस असेल तर चारायला द्यावं."

"मग मंत्र्यांच्या ऑफिसशी बोल."

मंत्र्यांच्या ऑफिसात बारीक मिशीचा एक सल्लागार होता. त्याने तिचं मन लावून ऐकलं. इतकं मन लावून कुणी ऐकलं की मंजिरीला हल्ली काळजी वाटायची.

"फार चांगला मुद्दा," तो म्हणाला. "कायद्यात नको. नंतर नियम करू तेव्हा विचारात घेऊ."

"विचारात घेऊ म्हणजे करू?"

"म्हणजे विचारात नक्की घेऊ."

"पण बंदी आधी लागू होईल ना? हिवाळा तोवर संपेल."

"तोपर्यंत पाऊस पडेल अशी आशा करू या," तो म्हणाला आणि उभा राहिला. तीही उभी राहिली. त्याने तिचे आभार मानले. बाहेर आल्यावर तिला कळेना, आपल्याला काही मिळालं की आपलं होतं तेही त्याने काढून घेतलं.

तिने प्रणवला फोन केला.

"नेव्हिल पुन्हा विचारत होता, ताई. काय सांगू?"

"सांग, विचारात घेणार आहेत."

"हो की नाही, एवढंच विचारेल तो."

"मग सांग, मी गुरुवारनंतर येते."

बुधवारी कमिटी होती. ग्रामीण रस्त्यांच्या सुरक्षिततेवर सात आमदार वर्षभर चौकशी करत होते. मंजिरी त्यांतली एक. लांब टेबल, पाण्याचे जग, भिंतीवर जुन्या माणसांची तैलचित्रं. त्या दिवशी साक्षीला रस्त्यांच्या खात्याचा एक अधिकारी होता, शेतकऱ्यांच्या संघटनेची एक बाई होती, आणि व्हिडिओवर मयूरा.

अधिकारी म्हणाला, गुरं काढली तर गवत वाढेल, आणि वाढलेलं गवत उन्हाळ्यात पेट घेईल, ते कापायला त्यांच्याकडं माणसं नाहीत. संघटनेची बाई म्हणाली, त्यांच्या निम्म्या सभासदांना बंदी हवी आहे, कारण रस्त्यावरची गुरं त्यांची कुंपणं मोडतात. मंजिरीने दोन्ही लिहून घेतलं आणि लिहिलेलं पुन्हा वाचलं. हे दोघं नेमकं उलट बोलतील असं तिने कालपर्यंत धरलं होतं.

मग पडद्यावर मयूरा आली. उशीला टेकून बसली होती, केस विंचरून घट्ट बांधलेले. मागं यतीनचा खांदा दिसत होता. ती इंग्रजीत सावकाश बोलली. तिने पाय कुठं मोडला ते सांगितलं, आता घरात कोण स्वयंपाक करतं ते सांगितलं. अध्यक्षांनी विचारलं, "बंदी असती तर अपघात टळला असता, असं तुम्हाला वाटतं?"

"मला माहीत नाही," मयूरा म्हणाली. "तिथं दिवा नाही. त्या वळणावर एकही दिवा नाही. मी दोन वर्षं रोज तिथून जाते. कांगारू येतात, कुत्री येतात, एकदा एक माणूस चालत होता. तुम्ही गाय काढाल. दिवा लावणार का?"

यतीनचा खांदा हलला. तो काहीतरी मराठीत पुटपुटला. मयूरा मान न वळवता मराठीतच म्हणाली, "बोलू दे रे मला."

अध्यक्षांनी रस्त्यांच्या अधिकाऱ्याकडं पाहिलं. अधिकारी म्हणाला, तो रस्ता राज्याचा, पण दिवे काउन्सिलचे, आणि वळण दोन्हींच्या हद्दीवर आहे.

मंजिरीची पाळी आली. तिने प्रश्न तयार केला होता, तो आता निरुपयोगी झाला होता. तिने अध्यक्षांना विचारलं, "आपला अहवाल कधी येणार?"

"ऑगस्टमध्ये."

"आणि बिल उद्या आहे."

"बिल सभागृहाचं काम आहे," अध्यक्ष सौम्यपणे म्हणाले. "आपलं काम चौकशी. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत." तैलचित्रांखाली कुणीतरी खोकलं. मंजिरीला आपण शाळेतला प्रश्न विचारल्यासारखं वाटलं. पडद्यावर मयूरा अजून दिसत होती, तिचा आवाज मात्र बंद करून टाकलेला होता. ती ओठ हलवत यतीनला काहीतरी सांगत होती.

गुरुवारी सकाळी ग्लेनिसने छापलेलं भाषण हातात दिलं. भाषण चांगलं होतं. त्यात मयूराचा पाय होता, कष्टकरी परिचारिका होती, सुरक्षित घरी पोचण्याचा हक्क होता. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. नेव्हिल त्यात नव्हता. मंजिरीने शेवटी आपल्या मनाची दोन वाक्यं घातली: शेतकऱ्यांची अडचण खरी आहे, आणि मंत्र्यांनी नियम करताना तिचा विचार करण्याचं आश्वासन दिलंय. सभागृहात तिने 'आश्वासन' म्हटलं तेव्हा मंत्री आपल्या कागदातून वर बघून हसले. ते हसणं हो होतं की नाही, तिला कळलं नाही.

विरोधी बाकावरचा एक आमदार उठला. त्याने सुधारणेचा प्रस्ताव मांडला, की दुष्काळ सरेपर्यंत बिल थांबवावं. मंजिरी सरसावून बसली. म्हणजे वाट होती. कुणीतरी काढली होती.

संध्याकाळी मतदान पुकारलं. घंटा वाजू लागल्या. त्या घंटा सगळ्या इमारतीत वाजतात, जिन्यांत, कँटीनमध्ये, संडासातसुद्धा. घंटा थांबल्या की दारं बंद होतात आणि आत असेल त्याला एका बाजूला बसावंच लागतं. होकारवाले सभापतींच्या उजव्या हाताला, नकारवाले डाव्या.

सभापती म्हणाल्या, "प्रस्तावात जे शब्द वगळायला सांगितले आहेत ते शब्द तसेच राहावेत, असा प्रश्न आहे. जे सुधारणेच्या बाजूचे आहेत त्यांनी 'नाही' म्हणावं."

मंजिरी उठली. सुधारणा म्हणजे बिल थांबवा. बिल थांबवायचं म्हणजे नाही म्हणायचं. पण ती सरकारच्या पक्षाची, सरकारला शब्द राहायला हवेत, म्हणजे हो. मग नाही म्हणजे नेव्हिल. आणि मयूरा? मयूराने तर हो-नाही म्हटलंच नव्हतं, तिने दिवा मागितला होता. दिवा कुठल्या बाजूला? लोक तिच्या दोन्ही बाजूंनी जात होते, कुणी हसत, कुणी फोन बघत. ती मधल्या गालिच्यावर उभी राहिली. समोरचा आमदार, ज्याने प्रस्ताव मांडला होता, तो तिच्याकडं बघत थबकला. त्याच्या चेहऱ्यावर आशा होती की थट्टा, तेही तिला ओळखता आलं नाही. उजवा पाय उचलावा की डावा, एवढंसुद्धा सुचेना.

कोपराला हात लागला. ग्लेनिस. तिने दोन बोटांनी धरलं होतं, हळूच, एखाद्या म्हातारीला रस्ता ओलांडून द्यावा तसं.

"इकडं, डिअर," ती म्हणाली.

मंजिरी गेली. बसली. दारं बंद झाली. मोजणाऱ्याने बोटाने हवेत टिंब देत सगळ्यांना मोजलं, तिलाही मोजलं. बिल मोठ्या फरकाने पुढं गेलं, आणि नंतर वरच्या सभागृहात जायचं होतं तिथंही ते अडणार नव्हतं. शेजारच्या आमदाराने तिच्या पाठीवर थाप मारली. "छान बोललीस. खरं वाटलं."

ट्रेनमध्ये तिने कोपर दाबून पाहिलं. दुखत नव्हतं. तरी तिथं काहीतरी होतं.

शुक्रवारी एका शाळेची नवी बाग उघडायची होती. मुलांनी गाणं म्हटलं. यतीनचा मेसेज आला: 'थँक यू ताई.' त्याखाली थोड्या वेळाने दुसरा: 'मयूरा बोलत नाहीये माझ्याशी.' नेव्हिलचा फोन आला नाही.

शनिवारी ती एकटीच वॉरंबीला निघाली. दत्तप्रसाद म्हणाला, "मी येऊ का?" ती नको म्हणाली. घरी फक्त डॉट होती. "तो रोडवर आहे," ती म्हणाली. "गुरं घेऊन." तिने आत ये म्हटलं नाही, पण दारही लावलं नाही. सोमवारची गाय आवारात उभी होती. मंजिरी जवळ गेली तर ती दोन पावलं मागं सरली, आपल्या पायांनी.

वळणाच्या अलीकडं नेव्हिल घडीच्या खुर्चीवर बसला होता. अंगात पिवळं चकचकीत जॅकेट, शेजारी कुत्रा, रस्त्यावर 'पुढे गुरे आहेत' ची पाटी. पट्ट्यात गुरं पसरली होती. गवत वाळलेलं, पिवळं, पण गुडघ्याएवढं. ती मान वर न करता खात होती. त्या खाण्याचा कर्रकर्र आवाज वाऱ्यात ऐकू येत होता. पलीकडं नव्या घरांची कौलं चमकत होती.

मंजिरी त्याच्या खुर्चीशेजारी उभी राहिली.

"मी हो म्हणाले," ती म्हणाली.

"ऐकलं. तुझ्या पोराने फोन करून सांगितलं." प्रणवने. तिने सांगायला सांगितलं नव्हतं. "भाषण पण बघितलं आम्ही. डॉट म्हणाली चांगलं बोलते."

"मला दुसरं काही—"

"नको सांगू," नेव्हिल म्हणाला. आवाज चढला नव्हता. "सांगितलंस तर मला समजून घ्यावं लागेल. आज ताकद नाही."

एक ट्रक गेला, ड्रायव्हरने हात केला, नेव्हिलने बोट उचललं.

"कधीपासून लागू?"

"वरच्या सभागृहानंतर. मग सही. मग जाहीर करतात. महिना असेल, दीड असेल. मला नक्की सांगता येत नाही."

"कायदा तुम्ही केला, आणि तुला सांगता येत नाही."

"नाही."

त्याने मान हलवली, जणू हे उत्तर मात्र त्याला पटलं. मग गुडघ्यांवर हात टेकून उठला. "मला जरा झाडामागं जायचंय. म्हातारपण. आणि ती वरची विजेची पट्टी पण बघून येतो." त्याने जॅकेट काढून तिच्या हातात दिलं. "गाडी आली की पुढं हो, हात दाखव. कुत्रा बाकीचं बघतो."

"नेव्हिल, मी—"

"घाल अंगात. नाहीतर दिसणार नाहीस."

तो गेला. जॅकेट ढगळ होतं, त्याला गुरांचा आणि तंबाखूचा वास होता. मंजिरी रस्त्याच्या कडेला उभी राहिली. वारा कानात भरत होता. एक कालवड चरत चरत डांबराकडं सरकली, आणि मंजिरीच्या तोंडून आपोआप आवाज निघाला, जिभेने टाळ्याला केलेला, पुढं 'हैऽऽक, मागं हो' असा. वडील असंच करायचे. कालवडीने कान टवकारले, ही भाषा कुठली म्हणून पाहिलं, आणि मागं झाली. दुसरी, थोराड गाय मात्र तिच्या अंगावरून सरळ रस्त्यात येऊन उभी राहिली. कुत्रा जिभल्या चाटत मालक गेला त्या दिशेला बघत होता.

वळणावरून गाडी आली. मंजिरीने पुढं होऊन हात वर केला. गाडी हळू झाली, आणखी हळू झाली, थांबली. काच खाली आली. यतीन. शेजारी मयूरा, पाय लांब करून, मांडीवर उशी. फिजिओकडं चालले असावेत.

यतीन जॅकेटकडं, तिच्याकडं, गाईकडं बघत होता.

"ताई? हे... हे तर बंद झालं ना आता?"

"झालं."

"मग हे अलाउड आहे?"

मंजिरीने मागं पाहिलं. नेव्हिल झाडापाशी पट्टी ओढत होता, पाठमोरा.

"आज आहे," ती म्हणाली.

गाय बॉनेटच्या पुढं वाकून डांबरावर पडलेली गवताची काडी उचलत होती. मयूरा तिच्याकडं टक लावून बघत होती, मान थोडी पुढं करून. मागं दुसरी गाडी येऊन थांबली, तिने हॉर्न दिला. यतीन दचकला. मंजिरीला वाटलं आता तोही देईल. गाईने मान वर केली, त्याच्याकडं पाहिलं आणि रवंथ करत तिथंच उभी राहिली.

मागून पुन्हा हॉर्न वाजला.

"थांब रे," मयूरा म्हणाली. "खाऊ दे तिला."

यतीनने इंजिन बंद केलं.